धक्क्यावर बसलेला माणूस

अभयचा फोन यायचा तो पहाटे, पहिली फेरी सुटायच्या आधी. मुकुंदवाडीतल्या एका खोलीच्या घरात मेघा तेव्हा डबा करत असायची. हातात लाटणं, मान वाकडी, मोबाईल कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला. पलीकडून आधी वारा ऐकू यायचा, मग बोटीचा भोंगा, आणि त्या दोन्हींतून उरला तर नवरा.

"जेवलात का राती?"

"जेवलो. पोरगी उठली?"

"निजलीये अजून."

"बरं. मुकादम आला. ठेवतो."

एवढंच. कधी कधी तर 'ठेवतो'सुद्धा भोंग्यात बुडून जायचं, आणि मेघा तव्यावरची पोळी करपेपर्यंत मुका फोन कानाशी धरून उभी राहायची.

अभय धरणाच्या काठचा, भोयाचा पोरगा. त्याच्या बापाचं, बन्सीचं, सगळं आयुष्य नाथसागरात जाळं टाकण्यात गेलं. पुढं मासा कमी झाला आणि जाळी जास्त झाली. अशात एक दिवस ठेकेदाराचा माणूस जीप घेऊन काठाकाठानं हिंडला. कोकणात एका खाडीवर माणसं आणि गाड्या पलीकडं नेणारी फेरीबोट चालते, तिच्यावर पाण्याला न भिणारी पोरं पाहिजेत, म्हणाला. अभय गेला, चितेगावचा गोकुळ गेला, आणखी बरेच गेले. काम दोर फेकायचं, लोखंडी फळी पाडायचं, गाड्या आत घ्यायचं, पुन्हा बाहेर काढायचं. उजाडल्यापासून दिवे लागून कितीतरी वेळ होईपर्यंत. रविवार नाही, सण नाही. घरी जायचं तर आपल्या जागी बदली माणूस आपणच शोधून आणायचा. परमुलखात बदली माणूस कुठून आणणार? म्हणून कुणी घरी जायचंच नाही.

मेघा चिकलठाण्याच्या एका कंपनीत औषधांच्या बाटल्या खोक्यात भरायची. सासू वच्छलाबाई धरणाचा मासा आणून मुकुंदवाडीच्या बाजारात विकायची. दोघींच्या मध्ये तीन वर्षांची श्रेया. घर चाललं होतं, अडलं काही नव्हतं. पण मेघाला अभयची आठवण सणावाराला यायची नाही, भलत्याच वेळी यायची. नळाला पाणी आलं की सगळी गल्ली ड्रम भरायला धावायची, तेव्हा शेजारणीचा नवरा तिचा ड्रम एका हातानं सरकवून द्यायचा; तेव्हा. कंपनी सुटल्यावर गेटापाशी मोटारसायकलवर एक पाय टेकवून कुणाकुणाचे नवरे उभे असायचे, तेव्हा. एकदा काम करता करता तिच्या मनात आलं, त्याच्या पाठीवरचा तीळ डावीकडं का उजवीकडं? आणि तिला आठवेना. त्या दिवशी तिनं कितीतरी खोक्यांवर चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्या. सुपरवायझरनं झापलं तर म्हणाली, "डोकं दुखतंय सर."

बन्सी वारला तो उन्हाळ्यात. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. अभयला कळवलं. तो रजा मागायला गेला, तर मुकादम म्हणाला, "माणूस आण नि जा." माणूस मिळून अभय येऊन पोचला तोवर बापाची माती होऊन गेली होती, राखसुद्धा सावडून झाली होती. काठावर बसून तो पाण्याकडं बघत राहिला. त्यानंतर वच्छलाबाईनं पोराच्या नोकरीचं चांगलं-वाईट काहीच काढलं नाही. फोन आला तर, "बरा हाये ना? हां," म्हणायची आणि फोन मेघाच्या हातात द्यायची.

असं असताना एका रविवारी सकाळी बाजारात एक बाई वच्छलाबाईच्या पाटीपुढं येऊन बसली. साठीच्या आसपासची, सुती साडी, पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी. तिनं एका रोहूचा कल्ला उघडून बघितला.

"ताजा आहे," ती म्हणाली. "पण गोड्या पाण्याचा. आमच्याकडे कुणी हात लावायचं नाही याला."

"मंग नका लावू," वच्छलाबाई म्हणाली. "कोन बळजबरी करू राह्यलं?"

बाई हसली. "तुम्ही अभयच्या आई ना?"

वच्छलाबाईचा विळ्यावरचा हात थांबला. "काय झालं माह्या पोराला?"

"काही नाही, धडधाकट आहे. मी आशाबाई. तो ज्या धक्क्यावर काम करतो तिथं मी खूप वर्षं तिकिटं फाडली. आता युनियनचं काम बघते."

वच्छलाबाईनं पाटी शेजारणीच्या हवाली केली आणि तिला घरी आणलं. मेघानं चहा टाकला. आशाबाईंनी बशीत ओतून तो प्यायला आणि सरळ बोलायला सुरुवात केली. बंदरातल्या आणि फेऱ्यांवरच्या कामगारांची युनियन जुनी आहे. जे कायम आहेत ते सगळे तिच्यात आहेत. पण ठेकेदाराची ही लांबून आलेली पोरं काही केल्या येत नाहीत.

"मी बोलायला गेले की खाली मान घालून दोर गुंडाळत बसतात. मुकादम तिथंच उभा असतो ना! पण ती पोरं रोज पहाटे कुणाशी तरी फोनवर बोलतात. मी म्हटलं, त्या 'कुणाशी तरी'ला एकदा भेटून यावं."

"अन् काहाडून टाकलं म्हंजी?" वच्छलाबाईनं विचारलं. "तुमी घालनार का खायाला?"

"काढतीलही," आशाबाई म्हणाल्या. "काढणार नाहीत असं मी तुम्हाला सांगणार नाही. एकट्याला काढणं सोपं असतं. सगळे एका जागी आले तर अवघड जातं. बोट सोडायलासुद्धा माणसं लागतात."

श्रेया आशाबाईंचे बूट पायात घालून फरशीवर फरफटत होती. मग वच्छलाबाई भिंतीकडं बघत म्हणाली, "माहे मालक गेले तवा पोरगं मातीला नव्हतं. बदली मानूस घावना म्हून." आणि पदर तोंडाला लावून ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. बन्सी गेल्यापासून हे ती पहिल्यांदा बोलली होती.

जाताना आशाबाईंनी मेघाला आपला नंबर दिला. "घाई नाही. पण त्याच्याशी बोल."

मेघा दुसऱ्याच दिवशी पहाटे बोलली. अभय दबक्या आवाजात खेकसला, "तुला कुनी सांगितलं हे? इथं हे नाव काढायचं नाय. मुकादम हाये समोर."

"मंग मुकादम नसंल तवा करा फोन."

दुपारी त्यानं केला. धक्क्यामागच्या झाडाखाली उभा होता. म्हणाला, "मी तयार हाये मेघा. मला का कळत नाय? पन बाकीचे नाय होनार. गोकुळ नाय, कुनीच नाय. मी एकटा पुढं झालो की संपलं. काहाडलं तर काय खायाचं?"

"काहाडलं तर घरी तर याल," मेघाच्या तोंडून निघून गेलं.

हे बोलल्यावर मेघाचं तिलाच कळलं, की आपल्याला तेच पाहिजे आहे. युनियन नको, हक्क नको, काही नको. त्याला काढून टाकावं आणि त्यानं पिशवी खांद्याला टाकून दारात येऊन उभं राहावं. तिला स्वतःची लाज वाटली. पण ती इच्छा काही हटली नाही, पोटात तशीच बसून राहिली.

पुढच्या रविवारी ती श्रेयाला कडेवर घेऊन पैठणच्या बसनं चितेगावला उतरली, गोकुळच्या घरी. गोकुळची बायको रूपा लग्नाला वर्ष व्हायच्या आत पोटुशी होती, आणि लग्नापुरता आलेला गोकुळ परत गेल्यापासून एकटीच होती. आधी ती घाबरली.

"मी त्यांना आजवर काहीच मागितलं नाय ओ ताई. पहिल्यांदा मागायचं तर हे मागू?"

"तुला काय पाहिजे?"

रूपा पदराच्या टोकाला गाठ मारत राहिली. "बाळ होईल तवा ते दवाखान्याच्या भाईर पाहिजेत. भाईरच. आत नाय आले तरी चालंल."

"मंग तेच माग."

रूपानं मग काठाकाठच्या गावांतून निरोप धाडले, आणि त्यानंतरच्या रविवारी तिच्या अंगणात, कडुनिंबाखाली, त्या फेरीबोटीवरच्या पोरांच्या बायका आणि आया जमल्या. मेघानं जन्मात कधी चार माणसांपुढं तोंड उघडलं नव्हतं. घरून घोकून आलेलं सगळं ती विसरली. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "तुमच्या घरचे काय म्हनतात युनियनला?"

एक जण म्हणाली, "आमचे तर तयार हायेत. पन म्हनतात, बाकीचे नाय होनार."

दुसरी म्हणाली, "अय माय! आमचे बी हेच म्हनतात."

रूपा म्हणाली, "आमचे म्हनले, अभयभाऊच माघार घेईल."

बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग एक म्हातारी खुदकन हसली आणि तिच्यामागं सगळं अंगण हसलं. तिकडं एकाच खोलीत उशाला उशी लावून निजणारे बाप्ये एकमेकांना भीत होते, आणि ते इकडं एवढ्या कोसांवर, बायका एका जागी बसल्या तेव्हा उघडं पडलं.

वच्छलाबाई सगळ्यांच्या मागं बसली होती. ती म्हणाली, "मंग बसलात काय? लावा फोन."

फोन लागले. कुणी ओट्यावर, कुणी न्हाणीच्या आडोशाला, कुणी तिथंच सगळ्यांसमोर. मेघा म्हणत होती, "तुमी म्हनता गोकुळभाऊ तयार नाय. त्यांची बायको माह्याशेजारी बसलीये. घ्या, बोला तिच्याशी." रूपा आधी लाजली, मग फोन तोंडाशी धरून जोरानं म्हणाली, "अभयभाऊ, आमचे तयार हायेत. तुमी नुसते उठा."

त्याच आठवड्यात पोरं दुपारच्या जेवणाच्या वेळी डबे तसेच टाकून, एकत्र चालत युनियनच्या ऑफिसात गेली. आशाबाईंनी फोन करून सांगितलं, तेव्हा मेघा कंपनीच्या गेटाबाहेर उभी होती. तिला पेढे वाटावेसे वाटले. पण कुणाला वाटणार, आणि काय म्हणून?

मग व्हायचं ते झालं. सुरुवात अभयच्या घरातून झाली ही बातमी मुकादमापर्यंत पोचली, आणि अभयला बोटीवरून उतरवलं. काढलं नाही, नुसतं बसवून ठेवलं. सकाळी हजेरी लावायची आणि तिकिटाच्या खिडकीशेजारच्या बाकावर दिवसभर बसून राहायचं. काम नाही. कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. बोट समोरून यायची, समोरून जायची. दोर फेकणारे हात दुसऱ्याचे. आपणहून वैतागून तो निघून जाईल, असा ठेकेदाराचा हिशोब.

आता फोन कधीही यायला लागला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. वर्षानुवर्षं मेघाला त्याच्याशी पोटभर बोलायचं होतं, आता बोलायला वेळच वेळ होता आणि बोलणं मात्र आटत चाललं होतं.

"काय करू राह्यले?"

"बसलोय."

"काय दिसतंय तिथून?"

"पानी."

एका दुपारी मेघा घरी होती. श्रेयाला ताप होता म्हणून तिनं खाडा केला होता. परातीत कणीक मळताना फोन वाजला. अभयचा आवाज विझल्यासारखा होता.

"मेघा, मला आता सहन नाय होत. लोकं तिकीट काढता काढता बघतात. चोर बसवल्यावानी वाटतं." मग म्हणाला, "येऊ का मी? तू म्हन. तू ये म्हनलीस की आत्ता निघतो."

मेघाचे हात कणकेत रुतलेले. शेजारी अंथरुणावर पोरगी तापानं लालेलाल होऊन निजलेली. एक शब्द. दोन अक्षरंसुद्धा नाहीत, एकच. तो म्हटला की सकाळी दारात नवरा. सकाळी ड्रम सरकवणारा हात, संध्याकाळी कंपनीच्या गेटावर टेकवलेला पाय, आणि त्या तिळाचा एकदाचा निकाल. तिच्या जिभेवर तो शब्द येऊन बसला होता. आणि तिला रूपाचं अंगण दिसलं. तो उठून आला, तर तिथं बसलेल्या एकीचाही नवरा पुन्हा कधी मान वर करणार नव्हता.

"नका येऊ," ती म्हणाली. "तिथंच बसा."

"मेघा..."

"बसा तिथंच. मान वर करून बसा. चोर ते हायेत."

फोन बंद झाल्यावर ती तशीच उभी राहिली, हातावरची कणीक वाळून पापुद्रे सुटेपर्यंत. वच्छलाबाई दारात कधी आली होती कुणास ठाऊक. तिनं सुनेला बाजूला सारलं, परात ओढून घेतली आणि उरलेली कणीक स्वतः मळली.

पुढच्या सोमवारी सकाळी पोरं धक्क्यावर आली, हजेरी लावली आणि अभयच्या बाकापाशी जाऊन बसली. बाकावर मावले ते बाकावर, बाकीचे खाली फरशीवर. अभय बोटीवर चढल्याशिवाय आम्ही दोर सोडत नाही, म्हणाले. मुकादमानं आरडाओरडा केला. दोन्ही तीरांवर गाड्यांची रांग लागली. भोंगे वाजले, शिव्या झाल्या, एका लग्नाचं वऱ्हाड अडकलं. कायम कामगारांनी इंजिन बंद करून चहा मागवला. दुपारी ठेकेदार स्वतः आला, आणि आशाबाई चष्मा पुसत त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. बोलणी लगेच संपली नाहीत, बरीच लांबली. पण अभय त्याच दिवशी बोटीवर चढला. पुढं आठवड्याची सुट्टी ठरली, पाळीपाळीनं घरी जायला रजा ठरली, आणि बदली माणूस बघायचं काम ठेकेदाराच्या गळ्यात पडलं.

रजेचा पहिला नंबर पोरांनी एकमतानं अभयला दिला. मेघानं घर सारवल्यासारखं घासून काढलं, कंपनीत दोन दिवस सुट्टी सांगून ठेवली. श्रेयाला नवा फ्रॉक आणला. आणि निघायच्या आदल्या दिवशी अभयचा फोन आला.

"रूपाचे दिवस भरत आलेत. मी माहा नंबर गोकुळला दिला."

मेघानं हातातला नवा फ्रॉक खाली ठेवला.

"ऐकू राह्यली ना? मी त्याच्या मागून येतो."

"कुनाला इचारून दिला?" ती ओरडली. "समद्यांचे नवरे घरी आनायचे अन् माहाच नाय, आसं हाये का?" तिनं फोन ठेवला, आणि नंतरचे त्याचे फोन उचलले नाहीत. नवा फ्रॉक ट्रंकेत तळाशी टाकला. सासू म्हणाली, "बापावर गेलाय. त्यो बी आसंच करायचा. माशाची पहिली वंजळ दुसऱ्याला." मेघाला त्यात काही कौतुक वाटलं नाही.

रूपाला दवाखान्यात नेल्याचं कळलं तेव्हा मात्र तिचा जीव राहिला नाही. ती गेली. शहरातल्याच सरकारी दवाखान्याच्या आवारात, बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर गोकुळ उभा होता. बाकडं रिकामं असून उभा. हातात थर्मास, दाढी वाढलेली, आणि आतून कुणी दार उघडलं की तो एक पाऊल पुढं जायचा, पुन्हा मागं यायचा. मेघा लांबूनच त्याच्याकडं बघत राहिली. आपण बाळंत झालो तेव्हा या जागी कुणीच नव्हतं, हे तिला तेव्हा आठवलं. राग विरघळला की वाढला तिला सांगता आलं नसतं. डोळे मात्र भरून आले. इतक्यात नर्स बाहेर येऊन गोकुळला मुलगी झाल्याचं सांगून गेली. मेघानं तिथंच, जिन्याखाली उभं राहून अभयला फोन लावला.

"मुलगी झाली रूपाला," ती म्हणाली. "गोकुळभाऊ भाईर उभा हाये."

"बरं झालं," अभय म्हणाला. मग म्हणाला, "तू फोन उचलत नव्हती. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काय नाय. लई आठवन येती मेघा." एवढ्या वर्षांत असं तो कधी बोलला नव्हता. भोंगा वाजला, पण या वेळी त्यानं फोन ठेवला नाही.

गोकुळ परत गेल्यावर अभय आला. मोठ्या स्टँडवर उतरला तेव्हा मेघाला तो ओळखू येईना इतका काळा पडला होता. श्रेया आजीच्या पदरामागं लपली. तिचा पप्पा फोनात राहायचा, हा एवढा उंच माणूस तिला चालेना. संध्याकाळपर्यंत ती लांबूनच बघत होती, मग हळूच येऊन त्याच्या पायावर पाय देऊन उभी राहिली. वच्छलाबाई पोराला घेऊन धरणावर गेली, जिथं बन्सीची राख सोडली होती. दोघं मायलेक तिथं किती वेळ बसले, काय बोलले, ते मेघानं विचारलं नाही.

ते दिवस भुर्रकन गेले. तो ड्रम भरायचा, कंपनीच्या गेटावर येऊन उभा राहायचा. मोटारसायकल नव्हती म्हणून शेजाऱ्याची मागून आणायचा. तीळ उजवीकडं होता. पण घरात असतानाही त्याचा फोन सारखा वाजायचा. कुणाला रजा हवी, कुणाला मुकादमानं डिवचलं, कुणाला आशाबाईंचा निरोप. बोलता बोलता तो ओट्यावर फेऱ्या मारायचा आणि मेघा आतून बघायची. हा माणूस आता थोडा त्या सगळ्यांचा झाला होता, आणि त्यात तिचाच हात होता. पुरता तो आता कधी परत येणार नाही, हेही तिला कळून चुकलं.

निघायच्या दिवशी ती त्याला स्टँडवर सोडायला गेली. दिवाळीनंतर पुन्हा नंबर आहे, त्यानं सांगितलं. तिनं मान हलवली. गाडी फलाटावरून मागं सरकली, वळली आणि गर्दीत गेली. मेघा रिकाम्या फलाटाकडं बघत उभी राहिली. छातीत तेच जुनं कुरतडणं सुरू झालं होतं, जराही कमी नाही.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. वैजापूरहून एक बाई बोलत होती, आवाजात चाचरणं.

"मेघाताई का? मला चितेगावच्या रूपानं नंबर दिला. माहे मालक मोठ्या बंदरावर कंटेनरच्या कामाला हायेत. दोन वर्सं झाली, घरी आले नाय. ते म्हनतात, मी तयार हाये, पन बाकीचे..."

मेघानं डोळे पुसले आणि स्टँडच्या गोंगाटातून बाजूला, पानटपरीच्या मागं सरकली.

"बाकीच्यांच्या बायका कुठं राहतात, म्हाईत हाये का तुमाला?" तिनं विचारलं. "नाय? मंग आधी ते काहाडा. मी येते रविवारी."